अगस्त्यकूडम, वय ६४ : पोंगालप्पाऱ्यावरून परत

रानजाई

नमस्कार मंडळी. साठी उलटल्यावर तीन दिवसांचा जंगलातला ट्रेक झेपेल का, असं गेल्या वर्षी मी इथे विचारलं होतं. निम्म्यांनी ‘बिनधास्त जा’ म्हणून पाठवणी केली, उरलेल्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी दोन्हीकडे जाऊन आले. आता हिशेब देते.

आधीच सांगून टाकते, शिखरावर मी पोचले नाही. वरचा फोटो पाहायला आलेल्यांनी इथूनच मागे फिरलं तरी राग नाही. मीही तेच केलंय.

जागा अगस्त्यकूडम. केरळच्या पार दक्षिणेला, तिरुवनंतपुरम जिल्ह्यात, तमिळनाडूच्या हद्दीला चिकटून. उंची १,८६८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दोनशेवीसेक मीटर जास्त. पण आकड्यावर जाऊ नका. कळसूबाईला सकाळी निघालेला माणूस दुपारी पायथ्याच्या बारी गावात जेवायला परत येतो. इथे पहिल्या दिवशी चौदा-पंधरा किलोमीटर चालून नुसता तळ येतो. दुसऱ्या दिवशी शिखर आणि पुन्हा तळ, तिसऱ्या दिवशी तेच चौदा-पंधरा उलटे. मध्ये गाव नाही, गाडीरस्ता नाही. गुडघा अडकला तर डोली-घोडं काही मिळायचं नाही.

हीच जागा का, तर माहेर. मी अकोल्याची (अकोला नव्हे, अकोले, हे सांगण्यात जन्म गेला). प्रवरेकाठी अगस्तींचा आश्रम. आजी सांगायची, अगस्तींनी विंध्याला ‘मी येईपर्यंत वाकून राहा’ म्हटलं आणि दक्षिणेत गेले ते आलेच नाहीत. मला तेव्हापासून प्रश्न, मग गेले कुठे? तिकडचे लोक म्हणतात, ते या डोंगरावर राहिले. शिखरावर त्यांची मूर्ती आहे. माहेरच्या माणसाचा पत्ता लागला म्हणायचं.

वनखात्याचा मोसम संक्रांतीच्या सुमाराला सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेरीपर्यंत चालतो. रोज मोजकीच माणसं सोडतात, नोंदणी ऑनलाइन, आणि ती उघडली की पटापट संपते. भाच्याने दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन आमच्या चौघांच्या जागा पकडल्या. गेल्या सात दिवसांतलं डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, ईसीजी काढला आणि मग म्हणाले, ‘उकिडवं बसा. आता कशालाही न धरता उठा.’ उठले. सही मिळाली. माझ्या मते त्या ईसीजीपेक्षा हीच परीक्षा खरी होती.

तयारी सहा महिने केली. आमच्या इमारतीला सात मजले आहेत. मी लिफ्टने वर जायची आणि जिन्याने खाली यायची. वॉचमनला वाटलं, काकूंचं काहीतरी बिनसलंय.

पहिल्या दिवसाचं रात्री लिहिते.

भटकभवानी

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)! ‘मीही तेच केलंय’ वाचून इथेच बसकण मारली आहे.

अबोली_क

काकू, मी ५८. वाचतेय. तेवढं जेवण, झोप आणि मुख्य म्हणजे ‘तिकडची’ सोय यावर नीट लिहा. पुरुषांच्या वर्णनांत हे कधीच नसतं.

वंगण

मी फिजिओथेरपीत आहे. लिफ्टने वर, जिन्याने खाली ही युक्ती ज्याने सांगितली त्याला माझा नमस्कार. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना ताणला जात असताना शरीर तोलून धरतो. दम चढताना लागतो, पण स्नायूचे धागे मोडतात ते उतरताना. म्हणून उतरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस खुर्चीतून उठताना ‘आई गं’ म्हणतो. गंमत म्हणजे, एकदा असा उतार अंगावर घेतला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तेवढं दुखत नाही. स्नायू शिकतो. सत्तरीतसुद्धा शिकतो.

रानजाई

वंगण, कुणी सांगितलं नव्हतं. राजगडावरून उतरताना एकदा पायांनी जवाब दिला होता, चढताना नव्हे. त्यावरून सुचलं.

पहिला दिवस :

तिरुवनंतपुरमहून विदुरामार्गे बोनक्काड. शेवटचा टप्पा चहाच्या बंद पडलेल्या मळ्यातून. कारखान्याच्या खिडक्यांना काचा नाहीत, चहाची झाडं कापणाऱ्याविना माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलीत. पुढे वनखात्याची चौकी. तिथे कागद तपासतात आणि सॅक उपसून प्लास्टिक काढून ठेवायला लावतात. माझ्या गोळ्यांच्या पाकिटांवर चर्चा झाली, मग सोडली. वाटाडे काणी समाजाचे, इथले मूळचे रहिवासी. आमच्या गटाचा वाटाड्या पंचविशीतला, पायात साध्या रबरी चपला.

पहिले काही तास सुखाचे. दाट झाडी, वाटेत ओढे, सावली. करमनयार नावाच्या ओढ्यावर पाय बुडवून बसलो. पुढे अट्टयार. मल्याळममध्ये अट्ट म्हणजे जळू, हे मला अट्टयारला बसून झाल्यावर समजलं. कोरडा मोसम होता म्हणून एकच चिकटली, तीही भाच्याला.

माझी चूक इथे झाली. मी पाणी पीत नव्हते. कारण सांगायला लाज कसली. वाटेवर आडोसा शोधायचा, उकिडवं बसायचं, उठायचं, पुढे गेलेली माणसं थांबणार, हे सगळं टाळायला मी सकाळपासून जेमतेम अर्धा लिटर पोटात घातलं होतं. अट्टयारनंतर झाडी संपते आणि गवताळ माळ लागतो. दुपारचं ऊन, सावली नावाला नाही. तिथे मला डोळ्यांपुढे काजवे दिसले. खाली बसले. वाटाड्याने काही न विचारता टोपी ओली करून डोक्यावर घातली आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. वीस मिनिटं. भाच्याचे दोन मित्र फार सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. त्याचंच मला जास्त लागलं.

त्यानंतर एळुमडक्कुतेरी, म्हणजे सात घड्यांचा चढ, आणि मुट्टिडिच्चान. दुसऱ्या नावाचा अर्थ वाटाड्याने हातवारे करून सांगितला : चढताना आपलाच गुडघा आपल्याला आपटतो. तो माझ्याकडे बघून हसला, मीही हसले. दम पुरला. संध्याकाळी अतिरुमलाच्या तळावर पोचले तेव्हा बाकीच्यांचा चहा पिऊन झाला होता.

खडीसाखर_डॉ

तहान लागली की पाणी पिऊ, हे तरुणांचं शास्त्र. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते. शरीराला पाणी कमी पडलेलं असतं आणि घसा काही बोलत नाही. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, क्षारही जातात. घड्याळ लावून प्या. आणि कृपया कुणी हे वाचून गोळी मनाने बंद करू नका. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना ‘तीन दिवस उन्हातान्हात चालणार आहे’ एवढं सांगा. लागलं तर तेच मात्रा बदलतील.

निर्गुडी

काणी वाटाड्यांचा उल्लेख आला म्हणून थोडं अवांतर. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, मला हा प्रसंग वर्गात सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८७ साली डॉ. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी याच डोंगरात अभ्यासाला हिंडत होते. शास्त्रज्ञ दमून बसत आणि बरोबरचे काणी तरुण ताजेतवाने. ते मधूनमधून कसलीशी काळपट छोटी फळं तोंडात टाकत होते. आधी नाव सांगेनात, मग सांगितलं : आरोग्यपच्चा. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. त्यावरून तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने ‘जीवनी’ नावाचं औषध तयार केलं, परवाना एका आयुर्वेदिक कंपनीला दिला आणि परवाना शुल्काचा व स्वामित्वधनाचा अर्धा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. त्यासाठी १९९७ साली काणींचा न्यास नोंदवला गेला. पारंपरिक ज्ञानाचा मोबदला ज्यांचं ज्ञान त्यांना मिळाल्याचं हे उदाहरण जगभर सांगतात. पुढे त्यात भांडणंही झाली : कुणाला विचारलं, कुणाला नाही, झाड जंगलातून किती उपटलं जातंय. पण ते वेगळ्या धाग्याचं काम.

काकू, खाल्लंत का?

रानजाई

निर्गुडी, विचारलं हो! तो म्हणाला, ‘म्हाताऱ्यांना ठाऊक. मी ग्लुकोज बिस्किटं खातो.’ आणि खिशातून पुडा काढून दाखवला.

अबोली, आता तुझ्या प्रश्नांकडे. तळ म्हणजे पत्र्याच्या मोठ्या शेड, भोवती हत्ती येऊ नयेत म्हणून खंदक. झोपायला जमिनीवर चटई. बायकांची बाजू वेगळी, त्या दिवशी आम्ही सहाजणी होतो आणि सगळ्यांत मोठी मी, दुसरी चाळिशीची. जेवण साधं, गरम, पोटभर. रात्री कांजी, म्हणजे भाताची पेज, आणि चवळी, मला ताटभर पुरली.

शौचालयं आहेत, भारतीय पद्धतीची. दिवसभर चालून मांड्या दगड झालेल्या असताना उकिडवं बसणं आणि उठणं हा त्या दिवसाचा सगळ्यांत अवघड चढ होता. मी काठी आत घेऊन गेले. रात्री दोनदा उठावं लागलं. जमिनीवरून उठायची माझी रीत : आधी कुशीवर, मग ओणवं, मग एक पाऊल पुढे, मग काठी. अंधारात हे चाललेलं पाहून शेजारच्या मुलीला वाटलं, अस्वल शिरलं.

आणखी एक. या डोंगरावर बायकांना बेस कॅम्पच्या पुढे सोडत नसत. अगस्ती ब्रह्मचारी, अशी तिथली श्रद्धा. (मग त्यांची बायको लोपामुद्रा, तिचं काय, असं मी विचारणार होते, पण पाहुण्याने गप्प बसावं.) २०१८च्या नोव्हेंबरात केरळ उच्च न्यायालयाने स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही असा निकाल दिला आणि २०१९च्या जानेवारीत धन्या सनल या संरक्षण खात्याच्या अधिकारी पहिल्या बाई म्हणून वर गेल्या. तेव्हा काणी समाजाने बोनक्काडला शांतपणे निषेध केला होता. माझं मन यात दोन्हीकडे आहे. मला जायचं होतं. आणि ज्यांच्या देवाच्या डोंगरावर मी चालले होते त्यांच्याच पोराने माझ्या डोक्यावर ओली टोपी घातली होती. त्याला याबद्दल विचारायचं धाडस मला झालं नाही.

भटकभवानी

अस्वल :-D

दुसरा दिवस टाका आता. किती ताणताय.

रानजाई

दुसरा दिवस :

तळ सोडला तेव्हा वर ढग होते. सुरुवातीला बांबू, मग ओलसर गच्च रान, मुळांच्या पायऱ्या. कालच्या धड्याने दर अर्ध्या तासाला पाणी पीत होते आणि दर तासाला आडोसा शोधत होते. कुणी काही बोललं नाही. मग पोंगालप्पारा येतो. उघडा कातळ, त्यावरून झिरपणारं पाणी आणि असा वारा की टोपी दातांत धरावी. तिथून वर शिखराचा घुमट दिसतो. झाडं खुजी होत जातात आणि कातळावर दोर लावलेले आहेत. असे दोर एकाहून जास्त ठिकाणी आहेत.

पहिल्या दोरापाशी वाटाड्याने बाकीच्यांना पुढे सोडलं आणि मला थांबवलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, ‘अम्मा, थोडा ऊपर. फिर नीचे.’ मला वाटलं, सराव करून घेतोय. दोर धरून सहा-सात पावलं चढले. हात मजबूत आहेत माझे, विहिरीचं पाणी ओढलंय. वर जाऊन मागे बघितलं, विजयी मुद्रेने. तो म्हणाला, ‘अब नीचे.’

उतरताना तिसऱ्या पावलाला उजवा पाय थरथरायला लागला. दुखत नव्हता. पायमशीनवर शिवताना सुई जशी खालीवर होते तसा नुसता हलत होता आणि माझं काही ऐकत नव्हता. कसेबसे उरलेले तीन पाय टाकले. तो काही बोलला नाही. माझी काठी उचलून माझ्या हातात दिली आणि वर न बघता खालच्या सपाट दगडाकडे बघत राहिला.

मी त्या दगडावर बसले.

वर जाणं जमलं असतं, हे मी आजही म्हणेन. पण शिखरावर गेलेल्या माणसाला खाली यावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी आणखी पंधरा किलोमीटर उतरावं लागतं. त्याने ते माझ्याकडून सहा पावलांत वदवून घेतलं.

दुसऱ्या गटाचा एक वयस्कर वाटाडी माझ्याजवळ थांबला, बाकीचे वर गेले. दोन तास बसलो. त्याला हिंदी येत नव्हतं, मला मल्याळम. त्याने अंगठा पूर्वेकडे करून ‘ताम्रपर्णी’ म्हटलं, तेवढं कळलं. तिकडच्या उतारावर ती नदी उगम पावते. एकदा ढग फाटला आणि वरच्या कडेवर वरैआडू दिसली, म्हणजे निलगिरी थार, डोंगरी शेळीच म्हणा. कातळावर उभी. गुडघ्यांचा काही प्रश्न दिसत नव्हता.

रडले थोडी. वारा होता, खपून गेलं.

जुनाट_नकाशा

रानजाईताई, तुम्ही बसलात त्याच्या वर शिखराजवळ एकेकाळी वेधशाळा होती हे ठाऊक आहे का? त्रावणकोर संस्थानाचे खगोलवेत्ते जॉन अ‍ॅलन ब्राउन यांनी १८५५च्या सुमाराला उभारलेली. चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी घ्यायला. उपकरणं, लाकूडफाटा, सगळं माणसांच्या डोक्यावरून याच जंगलातून वर गेलं. ते हमाल कोण, याची नोंद मात्र कुणी ठेवत नाही.

ढाकबहिरी

माफ करा, पण थोडं कडू बोलतो. रोज मोजकी माणसं सोडतात. नोंदणी सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत मला जागा मिळाली नाही, सलग दोन वर्षं. जिला शिखर करायचंच नव्हतं तिने ती जागा अडवणं मला पटत नाही. पहिल्या दिवशी चक्कर, गट खोळंबला. ट्रेक हा सांघिक खेळ आहे. वयाचा मान राखून म्हणतो, हौस एक आणि कुवत एक.

भटकभवानी

ढाकबहिरी, ‘वयाचा मान राखून’ म्हणून मग लाथ घालायची ही पद्धत छान आहे.

खडीसाखर_डॉ

गेल्या पाच वर्षांत ट्रेकवरून माझ्याकडे आलेल्या रुग्णांत मुरगळलेले घोटे जास्त करून तिशीच्या आतल्यांचे होते. धावत उतरणारे. एवढंच नोंदवतो.

रानजाई

भांडू नका गं. ढाकबहिरी, तुमचा राग निम्मा बरोबर आहे. चक्कर ही माझी चूक होती, वयाची नव्हती. पाणी न पिणारा विशीतलाही त्या माळावर पडला असता. गट वीस मिनिटं खोळंबला, त्याबद्दल मी तिघांची माफी मागितली आणि परतल्यावर पुरणपोळ्याही केल्या.

पण ‘शिखर करायचंच नव्हतं’ हे नाही. करायचं होतं. फार करायचं होतं. आणि जागा शिखराची नव्हती, तीन दिवसांच्या जंगलाची होती. मी ती पुरती वापरली. तिसऱ्या दिवशी खाली येताना मी चौघांत पहिली होते, हे लिहायचं नव्हतं पण तुम्ही लिहायला लावलंत. पोरांच्या मांड्या शिखर उतरून भरून आल्या होत्या आणि अंगठ्यांची नखं काळी पडली होती. मी दोन काठ्या टेकत, छोटी पावलं टाकत, नखं आदल्या आठवड्यात कापून आणि बुटाची नाडी घोट्यापाशी आवळून सावकाश चालत राहिले. भाचा मागून ओरडला, ‘मावशी, थांब.’ सहा महिने लिफ्टने वर गेल्याचं त्या एका हाकेत फिटलं.

वंगण

काठ्यांबद्दल पुरवणी. उतरताना दोन काठ्या नीट वापरल्या तर गुडघ्यावरचा भार बऱ्यापैकी कमी होतो. चढताना आखूड ठेवा, उतरताना थोडी लांब करा. आणि काठी पावलाच्या आधी टेकली पाहिजे, नंतर नव्हे. नुसती हातात धरून चालणारे खूप दिसतात, त्यांच्यासाठी ती शोभेची.

अबोली_क

काकू, पुन्हा जाल?

रानजाई

पुढच्या वर्षी ६५. नोंदणीच्या दिवशी भाच्याला सुट्टी घ्यायला सांगितली आहे. दोराचं तेव्हा पाहू. तोवर जिन्याच्या पायरीऐवजी उंच स्टुलावरून उतरायचा सराव चालू केलाय, वंगणने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून शिकवलंय. आणि हो अबोली, टॉर्च डोक्याला बांधायचा घे. हातात काठी असते.

ढाकबहिरी

काकू, थोडा जास्तच बोललो. एक विचारायचं होतं. बाबा ६६चे आहेत, हा धागा त्यांनी माझ्या फोनवर वाचला. काल लिफ्टने वर जाऊन नऊ मजले उतरले, दोनदा. आज सोफ्यावरून उठायला हात मागतायत आणि शिव्या मला घालतायत.

रानजाई

होतं असं पहिल्यांदा. परवा पुन्हा उतरवा.

वंगण

परवा नको! चार दिवस थांबा. आणि एकदाच. नऊ मजले कुणी सांगितले होते?